एका वेळी एकच गाडी

मास्तरांची आठवण आली की मला आधी दमल्यासारखं होतं. बाकीचं जे काही वाटायचं, ते त्याच्या मागून येतं.

शिरूरला मी नुकताच दवाखाना टाकला होता. नव्वद सालाच्या पुढंमागं. पेशंट थोडे, रिकामा वेळ फार. एका दुपारी धुळीनं माखलेला, कानाला मफलर गुंडाळलेला एक माणूस आला, बाकावर बायाबापड्यांच्या शेवटी बसून राहिला आणि पाळी आल्यावर उभ्यानंच मला म्हणाला, "रविवारी काय करता?"

"तुम्हाला काय होतंय?" मी विचारलं.

"मला काय हुतंय? कायबी न्हाई. तळेगाव ढमढेऱ्याला दहाव्याला गेलतो. माझ्या हाताखाली शिकल्यालं पोरगं. वडापची जीप चालवायचं, शिटा भरून. म्होरच्या जीपला मागं टाकाया गेलं आन् समोरनं ट्रक." एवढं बोलून त्यांनी मफलर सोडला, झटकला आणि परत गुंडाळला. "मंग? रविवारी काय करता?"

एसटी स्टँडच्या मागं त्यांची मोटार ड्रायव्हिंग स्कूल होती. पत्र्याची एक खोली, वाहतुकीच्या खुणा रंगवलेला एक फळा आणि एक जुनी फियाट. तालुक्यातले निम्मे ड्रायव्हर त्यांच्याकडं शिकलेले. त्यामुळं रस्त्यावर अपघातात कुणीही गेलं तरी त्यात मास्तरांचा एखादा विद्यार्थी असायचाच. लोक लग्नांना जातात तसे मास्तर दहाव्यांना जायचे. नदीच्या घाटावर एका कडेला उभे राहायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. परत येऊन दुसऱ्या पोराला क्लच सोडायला शिकवायचे.

तर त्यांच्या डोक्यात एक गोष्ट घुसली होती. दौंड स्टेशनवरच्या रद्दीवाल्याकडं त्यांना एक इंग्रजी मासिक मिळालं होतं. त्यात परदेशातल्या कुठल्या तरी कुरणात चाललेल्या मोटारींच्या शर्यतीचे फोटो. मोठ्या, श्रीमंत शर्यतीचे नव्हेत. साधी माणसं, घरच्या गाड्या, कडेनं दोऱ्या बांधलेल्या. त्यांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. मी सांगितलं, की इथं सगळ्या गाड्या एकदम सुटत नाहीत. एक गाडी जाते, फेरी मारून येते, घड्याळात वेळ बघतात. मग दुसरी.

"एका टायमाला एकच?"

"एकच."

मास्तरांनी मासिक आपल्याकडं ओढलं. "डॉक्टर, पोरांच्या अंगात पळवायची खाज हाय. ती आपण सांगून जायाची न्हाई. मंग रस्त्यावर पळवण्यापरीस माळावर पळवू द्या की. समोरनं कोण न्हाई, बाजूला कोण न्हाई. धडकंल कुणाला?"

"आणि यात मी काय करायचं?"

"तुमी नुसतं बसायचं. डॉक्टर बसल्याला दिसला, की पोरं आपसूक हळू घेत्यात."

मी एका रविवारपुरतं हो म्हणालो आणि पुढची कितीतरी वर्षं माळावर बसलो.

मास्तरांचा उजवा पाय कधी स्वस्थ नसायचा. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यांच्या गाडीत शेजारच्या सीटपुढंही एक ब्रेक असतो. उभं आयुष्य त्या ब्रेकवर काढल्यामुळं तो पाय त्यांच्या ताब्यात राहिला नव्हता. एसटीत ते ड्रायव्हरच्या मागची जागा धरायचे आणि वळण आलं की खालचा पत्रा दाबायचे. लग्नाच्या पंगतीत वाढपी जोरात आला तरी पाय दाबला जायचा. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "झोपेतबी ब्रेक मारत्यात हे. माझ्या नडगीला इचारा."

स्वतः ते चाळीसच्या वर गाडी नेत नसत. कधीच. त्यांच्यासोबत पुण्याला निघणं म्हणजे डबा बांधून निघणं. आणि कौतुकही त्यांचं तसंच. विद्यार्थी पहिल्यांदा घाट चढून आला काय, माळावर सगळ्यांत कमी वेळात फेरी मारून आला काय, मास्तर एकच बोलायचे. "आलास न्हवं? मंग झालं."

न्हावऱ्याच्या वाटेवर डाव्या हाताला माळ होता. मुरूम, कुसळं, मधेच एखादी बोर. दरवर्षी होळीच्या आसपास मास्तर तिथं पांढऱ्या फक्कीनं वाकडीतिकडी वाट आखायचे. वळणांवर जुने टायर ठेवायचे. कडेनं दोरी, आणि दोरी दिसावी म्हणून तिला बांधलेल्या वहिनींच्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्या. वेळ मोजायला शाळेतल्या पीटीच्या सरांचं घड्याळ. हेल्मेटं दोनच, तीच सगळ्यांना आळीपाळीनं. आतून घामानं ओली झालेली ती हेल्मेटं घालताना पोरं तोंडं वाकडी करायची. भाग घ्यायला काही द्यावं लागत नसे. फक्त येताना फक्कीचं एक पोतं आणायचं आणि आपली फेरी झाली की दुसऱ्याच्या फेरीला दोरी धरून उभं राहायचं.

आणि पहिलं बक्षीस? ब्रेक शूची नवी जोडी.

गाड्या काय यायच्या! सीटा काढलेल्या वडापच्या जीपा. कुरकुंभच्या केमिकल कंपन्यांत पाळ्या करणाऱ्या चौघांनी मिळून घेतलेली, दार दोरीनं बांधलेली अॅम्बॅसिडर. सणसवाडीहून एक बिहारी फिटर यायचा, त्याच्या शेठची भंगारात निघालेली गाडी त्यानं स्वतः उभी केली होती. दौंडहून एक शिक्षिका यायच्या, पदर खोचून. त्यांची फेरी पहिल्या वर्षी लोकांनी हसत बघितली आणि दुसऱ्या वर्षी गप बसून.

फेरीआधी मास्तर प्रत्येक गाडीत स्वतः बसून ब्रेक दाबून बघायचे. नापास झालेला माणूस कितीही मोठा असो, परत. मग मांडववाल्याच्या कर्ण्यावरून त्यांचा रडका आवाज यायचा, "पुढची गाडी तळेगाव ढमढेऱ्याची. ब्रेक बरे हायेत. येऊ द्या." ड्रायव्हरचं नाव ते सांगायचेच नाहीत. ब्रेकांचं सांगायचे.

खरं सांगायचं तर ती शर्यत फार कंटाळवाणी होती. एक गाडी धुरळा उडवत जायची, आपण डोळे चोळेपर्यंत परत यायची, मग धुरळा बसायची वाट बघायची, मग दुसरी. भेळवाले वैतागून जायचे. मी बोरीच्या सावलीत औषधांची पेटी घेऊन बसलेला, आणि वर्षानुवर्षं त्या पेटीतून डोकेदुखीच्या गोळ्या आणि आयोडीन याशिवाय काही निघालं नाही. मास्तरांना यातच समाधान होतं. संध्याकाळी माझी पेटी ते स्वतः उघडून बघायचे. तशीच भरलेली दिसली की मान डोलवायचे.

पण त्या एका दिवसासाठी त्यांना जे करावं लागायचं, ते बघूनच माणूस थकावा. टायर मागायचे, दोऱ्या मागायच्या, परवानगी मागायची. फौजदार बदललेला असायचा, आणि मास्तर नव्या फौजदाराला पहिल्यापासून सांगायला बसायचे. एकदा मी सोबत होतो.

"शर्यत म्हणता आणि गाडी एकच?" फौजदार म्हणाले. "मग शर्यत कुणाशी?"

"घड्याळाशी, साहेब."

"लोक कशाला बघतील?"

"न का बघंनात. आपण बोलावतोय कुठं?"

फौजदारांनी माझ्याकडं पाहिलं. डॉक्टर माणूस यात कसा, असं त्यांच्या तोंडावर होतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसलो.

माळ होता गेनू आबांचा. पूर्वी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जाणारं हे धनगराचं घर. पुढं विहीर पाडली, दोन एकर भिजायला लागलं आणि आबा एका जागी बसले. तरी थोडी मेंढरं राखली होती. तर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी शर्यत रंगात असताना आबांचं एक कोकरू दोरीखालून आत शिरलं आणि त्याच्यामागं आबा. मास्तरांचा नियम होता, दोरीच्या आत माणूस दिसला की शर्यत बंद. त्यांनी कर्ण्यावरून ओरडून सांगितलं, "आबा, भाईर व्हा! गाड्या थांबल्यात!"

कोकरू बाहेर गेलं. आबा मात्र जागेवरच थांबले. सगळ्या लोकांदेखत कर्ण्यावरून आपल्याला बाहेर काढतात, हे त्यांना लागलं. ते बरोबर फक्कीच्या रेघेवर बसले आणि त्यांनी बिडी पेटवली.

"माझा माळ," ते म्हणाले. "मला कोण भाईर काढतं बघू."

पोरं चिडली. कुणी म्हणालं उचलून बाजूला ठेवू. मास्तरांनी सगळ्यांना मागं सारलं, जाऊन आबांच्या शेजारी मुरमात बसले. मीही गेलो, उगाच रक्तदाब वाढायला नको म्हणून.

"आबा, माळ तुमचाच. पर गाडीला ते कळतंय व्हय?" मास्तर म्हणाले.

"मी काय येडा हाय का गाडीखाली जायला?"

"तुमी न्हाई. तुमाला बघून दुसरा येतो. दुसऱ्याला बघून बारकी पोरं."

आबांनी दुसरी बिडी काढली. एक मास्तरांनाही दिली. मास्तर बिडी ओढत नसत, पण ती घेऊन हातात धरून बसले. ऊन चढत होतं, गाड्या ओळीनं उभ्या, कर्णा खरखरत होता. शेवटी आबा म्हणाले, "मेंढरं हाकण्यात जल्म गेला माझा. तुमच्या ह्या पोरांना दोरी धरता येत न्हाई. माणसं हाकायची म्हंजी आवाज लागतो."

"मंग तुमीच हाका की."

त्या दिवसापासून दोरीचा कारभार आबांकडं. हातात काठी, गळ्यात शिट्टी. आबा असेपर्यंत माळावर दोरीच्या आत चिटपाखरू गेलं नाही.

दोन हजार साल उलटलं आणि सगळीकडं पैसा खेळायला लागला. कंपन्यांना जमिनी गेल्या, दारात नव्या गाड्या आल्या. गेनू आबा वारले. फक्कीचं पोतं घेऊन येणाऱ्यांची संख्या कमी होत गेली, आणि जे येत त्यांना घड्याळाशी शर्यत लावण्यात गंमत वाटेनाशी झाली.

रणजित त्यातलाच. बागायतदाराचा पोरगा, वडील साखर कारखान्याच्या राजकारणातले. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. रणजित मास्तरांकडंच शिकलेला, हात चांगला, स्वभावानं मोकळा. तो एकदा स्कूलच्या ओट्यावर येऊन बसला, तेव्हा मीही तिथं चहा घेत होतो.

"मास्तर, औंदा आपण मोठं करू. स्टेज, डीजे, पाव्हणे. चार-चार गाड्या एकदम सोडायच्या."

"न्हाई."

"आवो, लोकं कंटाळत्यात तुमच्या शर्यतीला."

"कंटाळू द्या. कंटाळल्याला माणूस सरळ घरी जातो."

रणजित हसला. त्यानं मास्तरांच्या पायाला हात लावला. "राग धरू नका. पर आमी करणार. आबांची पोरं माळ द्याया तयार हायेत."

तो गेल्यावर मास्तर भांडतील, आप्पांकडं जातील, निदान चिडतील असं मला वाटलं. त्यांनी कपातला चहा संपवला आणि मला म्हणाले, "तुमी जा त्या दिवशी."

"मी कशाला जाऊ?"

"शर्यत कुणाची का असंना, डॉक्टर पायजे. त्यांना सुचायचं न्हाई. मी फियाटची मागची सीट काढून ठिवतो. आडवं न्यायची येळ आली तर."

असे आम्ही दोघं न बोलावता गेलो. स्टेज होतं, कापडी फलक होते, कानठळ्या बसवणारं संगीत होतं. दोरी होती, पण धरणारं कुणी नव्हतं. मास्तरांनी रणजितला एकच विचारलं, "ब्रेक बघू का?" आजूबाजूची पोरं हसली. रणजित हसला नाही. पण त्यांच्यासमोर त्याला हो म्हणता आलं नाही.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला झालं. वळणावर दोन गाड्या एकमेकीला लागल्या आणि रणजितची गाडी कोलांट्या खात दोरीपाशी जाऊन पडली. लोक वेळेवर पळाले म्हणून वाचले. रणजितला बाहेर काढलं तेव्हा तो शुद्धीवर होता. मान दुखतेय म्हणत होता. त्याचं पोट मी हातानं चाचपलं आणि मला कळायचं ते कळलं.

फियाटच्या मागच्या मोकळ्या जागेत त्याला फळीवर निजवलं. मानेच्या दोन्ही बाजूंना टॉवेलात गुंडाळलेल्या विटा. मी त्याचं डोकं धरून बसलो आणि मास्तरांना बजावलं, "अजिबात धक्का बसता कामा नये. मानेला काय झालंय माहीत नाही." शिरूरला त्या दुखापतीवर इलाज नव्हता. पुणं गाठायचं होतं.

मास्तरांनी गाडी अशी नेली की मला पाण्यावर बसल्यासारखं वाटलं. प्रत्येक खड्डा आधी बघून, वळसा घालून. चाळीस, कधी त्याहून थोडं वर. मागं आप्पांची मोठी गाडी होती, आणि ते सबंध रस्ताभर हॉर्नवर हात दाबून होते. शिक्रापूरच्या पुढं त्यांनी गाडी बरोबरीला आणून काच खाली केली.

"पळव की! मास्तर, पळव की रं!"

मास्तरांनी मान वळवली नाही. "डॉक्टर?" एवढंच म्हणाले.

"असंच चालू द्या," मी म्हणालो.

सणसवाडीला कंपनीची पाळी सुटली होती. निळ्या कपड्यांतल्या माणसांचा लोंढा रस्ता ओलांडत होता, गाडी थांबली. रणजितनं पाणी मागितलं. मी ओठ ओले केले. गर्दी ओसरून गाडी सुरू झाली तेव्हा तो गेलेला होता. मी मास्तरांना लगेच सांगितलं नाही. त्यांना मात्र कळलं असावं. तरी त्यांनी गाडी तशीच नेली, एकही धक्का बसू न देता, थेट हॉस्पिटलच्या दारापर्यंत.

पोटात आत रक्त वाहत होतं. वाऱ्याच्या वेगानं नेलं असतं तरी वाचला नसता, आणि पुण्याच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पण आप्पांनी सगळीकडं सांगितलं, की शर्यत हिसकावली म्हणून मास्तरानं मुद्दाम गाडी हळू चालवली. दुःखात माणूस काय बोलेल याला धरबंध नसतो, आणि ऐकणाऱ्यांनाही असलं खरं वाटतं. मी भेटेल त्याला खरं काय ते सांगत होतो. लोक मान हलवायचे.

मास्तरांची शर्यत कायमची बंद झाली. पोलिसांनी परवानगी दिलीही नसती, आणि मास्तरांनी विचारलंही नाही. शिकायला येणारी पोरं आटली. मग एक दिवस त्यांनी स्कूलची पाटी उतरवली. फियाट घराच्या दारात झाकून उभी राहिली.

महिन्या-दोन महिन्यांनी मी त्यांचा रक्तदाब बघायला जायचो. पट्टा दंडाला गुंडाळताना ते दर वेळी विचारायचे, "डॉक्टर, खरं सांगा. पळवली आस्ती तर?"

"काही फरक पडला नसता, मास्तर."

"माझ्या समाधानासाठी सांगू नका."

"नाही सांगत."

पुढच्या खेपेला परत तेच. मी सांगून सांगून थकलो. ते विचारून थकले नाहीत.

पुढं काही वर्षांनी मी असाच त्यांच्या ओट्यावर बसलो असताना आप्पा आले. बरोबर मुलगी. रणजितची धाकटी बहीण. आप्पा पार वाळून गेले होते. राजकारण सुटलं होतं, धोतराचा सोगाही नीट सावरलेला नव्हता. मास्तर उठून उभे राहिले. मला वाटलं, आता काहीतरी होणार.

आप्पा बाकावर टेकले.

"हिला गाडी शिकवायची हाय," ते म्हणाले. "दौंडला कालिजात नोकरी लागलीया. रोजचं जाणं-येणं."

"मी बंद केलंय, आप्पा."

"ठावं हाय मला."

वहिनींनी पाणी आणून ठेवलं. कुणी घेतलं नाही.

"पुण्यात चांगल्या शाळा हायेत," मास्तर म्हणाले. "नव्या गाड्या हायेत त्यांच्याकडं."

"त्या दिवशी तुमी हळू चालवली म्हणून मी गावोगाव सांगत फिरलो," आप्पा म्हणाले. आवाज खाली होता, पण स्पष्ट. "आता घरात ही एकच राहिलीया. हिला तशीच शिकवा. हळू."

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. ते आत गेले, तोंडावर पाणी मारून आले, आणि फियाटवरचं ताडपत्रीचं कापड ओढायला लागले. मुलगी पुढं होऊन दुसरं टोक धरायला गेली. धुळीनं दोघंही खोकले. गाडी सुरू व्हायला वेळ लागला. शेवटी मागं धूर सोडत ती गल्लीतून बाहेर पडली. मुलगी स्टिअरिंगवर, मास्तर शेजारी, आणि मागं ओरडत पळणारी दोन कुत्री, जी सहज तिच्यापुढं निघून गेली.

आप्पा आणि मी बाकावर राहिलो. थोड्या वेळानं पाहिलं, तर आप्पांची मान भिंतीला टेकली होती आणि तोंड उघडं पडलं होतं. मी डॉक्टरच्या सवयीनं छातीकडं बघितलं. नुसती झोप लागली होती. कितीतरी दिवसांची असावी अशी.

उन्हं कलती झाली तेव्हा फियाट गल्लीतून सरपटत ओट्याच्या जवळ आली. मुलीचा चेहरा घामेजलेला, लाल झालेला. आपण गाडी आणली हे वडिलांना दाखवायला ती हॉर्नकडं हात नेत होती. मास्तरांनी तिचा हात अलगद बाजूला केला.

"नगं," ते म्हणाले. "हितंच हुबी कर. झोपू दे त्यांना."